सात-चाळीसवाले

मोटारसायकल चालवायला कुणालाही पंधरा दिवसांत येते. ती स्थानकावर उभी करायला मात्र अंगात थोडा साधेपणा असावा लागतो, आणि तो आपल्यात नाही हे कळायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत माझं स्थानकावरच्या सगळ्या बाकांवर बसून झालं, कचेरीत सगळ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि बायकोची नाटकातली भूमिका जायच्या बेतात आली. यात मोटारसायकलीचा काहीही दोष नव्हता. ती बिचारी भिंतीला टेकून उभी होती.

गाडी घेतली होती बायकोसाठी. म्हणजे चालवणार मीच, पण कारण ती. वाचनालयाच्या नाटकात तिला खानावळीच्या मालकिणीची भूमिका मिळाली होती. तीन अंक, पाच प्रवेश आणि एकदा खरंखरं रडायचं. तालीम रोज साडेसहाला. नाटक बसवणारे गृहस्थ व्यवसायाने दंतवैद्य, त्यामुळे उपटून काढायचं म्हटलं की त्यांना वेळ लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की जो साडेसहाला नाही तो नाटकात नाही. हे नुसतं बोलणं नव्हतं, कारण बँकेतल्या एक रोखपाल बाई आमच्या हिची सगळी वाक्यं आधीच पाठ करून पहिल्या खुर्चीत येऊन बसत आणि ही बोलायच्या आत ओठ हलवत.

आता ही तालमीला गेली की घरी बाबांजवळ कुणीतरी हवं. आमच्या बाबांची तब्येत उत्तम आहे, तीच अडचण आहे. सारा जन्म कारखान्यात यंत्रं जोडण्यात गेला, आता हात स्वस्थ बसत नाहीत. जिथे स्क्रू दिसेल तिथे ते तो काढतात. काढणं हे त्यांचं खातं, परत बसवणं दुसऱ्या कुणाचं तरी. एकदा आम्ही त्यांना अर्धा तास एकटं ठेवलं, तर परत येईपर्यंत दाराची घंटा, इस्त्री आणि स्वयंपाकघरातला नळ असे तीन जिन्नस टेबलावर सुटे पडले होते आणि खालच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन जिन्यात उभे होते. तेव्हापासून बाबांना एकटं ठेवत नाहीत.

माझी आगगाडी पाच-पन्नासला आमच्या स्थानकात येते. तिथून बस पकडली तर ती सगळ्या गावाची चौकशी करत सातला घरी सोडते. मोटारसायकलने सव्वासहा. सव्वासहाला मी घरी, साडेसहाला ही तालमीत. असं हे पाचवीतल्या मुलालाही सुटेल इतकं सोपं गणित होतं. मी ते पदवीधर असून चुकवलं.

चुकण्यामागे आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांचा हात आहे. ते पाणीपुरवठ्यात कुणीतरी मोठे आहेत. नक्की कोण ते इमारतीत कुणाला ठाऊक नाही, पण ते रोज आठला, बॅग हातात घेऊन, दमून घरी येतात. एवढ्या उशिरा येणारा माणूस मोठाच असणार असा आमच्याकडे समज आहे. मी गाडी घेतल्याचं कळताच ते स्वतः खाली आले, टायर बुटाने दाबून पाहिला आणि सल्ला दिला. स्थानकावर गाडी लावताना परतीची वेळ विचारतात, म्हणाले, तिथे जरा विचार करून बोला. माणूस किती वाजता सुटतो यावरून जग त्याची किंमत करतं. पाच-पन्नासला कोण परततं? शिपाई आणि कारकून. एवढं बोलून त्यांनी आमच्या गाडीला एक आरसा जास्तीचा लावून घ्यायला सांगितलं आणि वर निघून गेले. मी कारकून आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, याचा मी बराच वेळ विचार करत राहिलो.

स्थानकाच्या वाहनतळाची पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. जागा लहान, गाड्या फार. म्हणून तिथे गाड्या अशा खेटून लावतात की दोन गाड्यांमधून मांजरही तिरकं होऊन जाईल. हँडलला कुलूप लावायचं नाही, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, आणि सकाळी आत शिरतानाच संध्याकाळी कितीच्या गाडीने परतणार ते सांगायचं. तळ सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. गळ्यात शिटी, हातात खडू. तुम्ही सांगितलेली वेळ मामा खडूने मागच्या टायरवर लिहितात आणि त्याप्रमाणे ओळ देतात. पाच-पन्नासवाले सगळ्यांत पुढे, फाटकाजवळ. त्यामागे सहा-पंधरा, मग सहा-चाळीस, मग सात-पाच, आणि सगळ्यांत मागे, भिंतीला लागून, सात-चाळीस. पुढची ओळ गेल्याशिवाय मागची निघत नाही. सोय मोठी शहाणपणाची आहे. फक्त एवढंच की माणसाने खरं बोलायला हवं.

पहिल्या सकाळी माझ्यापुढे दोघेजण होते. पहिला म्हणाला, “पाच-पन्नास.” मामांनी मान वर न करता खडू ओढला आणि अंगठ्याने जागा दाखवली. दुसरा जरा घसा खाकरून म्हणाला, “सात-चाळीस.” मामा स्टुलावरून उठले. “या साहेब,” म्हणाले आणि त्याची गाडी स्वतः ढकलत भिंतीपर्यंत घेऊन गेले. ढकलताना त्यांनी टाकीवरची धूळसुद्धा बाहीने पुसली.

माझी पाळी आली. मला शपथेवर सांगता येईल की मी पाच-पन्नास म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण मामांचा हात खडूसह तयार होता, मागे चार माणसं उभी होती, आणि सबंध आयुष्यात मला कुणी उठून ‘या साहेब’ म्हटलेलं नव्हतं. मी म्हणालो, “सात-चाळीस.”

मामा उठले.

वेळ सांगणं ही केवळ एक औपचारिक गोष्ट असेल, असं मी दिवसभर स्वतःला समजावलं. संध्याकाळी पाच-पन्नासला उतरून फाटकाशी आलो तर औपचारिक गोष्ट साठ गाड्यांच्या मागे उभी होती. पाच-पन्नासवाले शिपाई आणि कारकून किका मारत घरी चालले होते. मामा स्टुलावर बसून शिटी वाजवत होते. मी रुमाल तोंडाला लावला, मागच्या मागे फलाटावर परतलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. सात-चाळीसला गाडी आली तेव्हा मी उठलो, जणू तिच्यातूनच उतरलो असं दाखवत गाडीच्या बाजूने चालत आलो, आणि मामांनी आदराने वाट मोकळी करून दिली.

घरी आठ वाजले होते. ही दारात उभी. नशिबाने वरच्या साहेबांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, सहज म्हणून चाळणी परत करायला आल्या होत्या आणि बाबांजवळ बसल्या होत्या, म्हणून त्या दिवशीची तालीम निभावली. ही नुकतीच धावतपळत परतली होती. काय झालं, असं तिने विचारलं. आता यावर खरं उत्तर काय द्यायचं? एका अनोळखी माणसाने उठून उभं राहावं म्हणून मी तुझी तालीम धोक्यात घातली, असं? मी म्हणालो, कचेरीत काम वाढलंय.

खोट्याचा एक मोठा गुण आहे, ते एकटं राहत नाही. हिला माझी काळजी वाटू लागली. तिने काकूंना सांगितलं, काकूंनी जिन्यात सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे शिंपी माझं अभिनंदन करून गेले. बढती झाली म्हणे. काकूंनी तर मन मोठं केलं आणि एकवीस तारखेपर्यंत रोज संध्याकाळी बाबांजवळ बसायचं कबूल केलं. बावीसला त्या बहिणीकडे दोन महिन्यांसाठी जाणार होत्या. “तोवर साहेबांना सांगून काम कमी करून घ्या,” असं हिने मला बजावलं. साहेबांना सांगायचं म्हणजे मामांना सांगायचं, हे तिला कुठे माहीत होतं.

मी स्वस्थ बसलो नाही. म्हणजे बाकावर बसलो, पण स्वस्थ नाही. पहिला उपाय म्हणून एका सकाळी मुद्दाम उशिरा गेलो. तळ भरला की शेवटी येणाऱ्याची गाडी पुढेच राहणार, असा माझा हिशेब. फाटकाशी पोचलो तर मामांचा चेहरा खुलला. “साहेब, काळजी करू नका, तुमची जागा राखून ठेवलीय,” असं म्हणून त्यांनी साठ गाड्या एकेक करून हलवल्या, भिंतीपर्यंत गल्ली पाडली आणि माझी गाडी पार टोकाला नेऊन लावली. त्यात माझी आगगाडी चुकली आणि कचेरीत उशिराची लाल खूण पडली. मी मामांचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मामांची पाठ वळताच टायरवरचं सात-चाळीस थुंकी लावून पुसलं आणि खिशातल्या खडूने पाच-पन्नास लिहिलं. हा खडू मी कचेरीच्या सूचनाफलकावरून आणला होता. संध्याकाळी पाहतो तो टायरवर पुन्हा सात-चाळीस, आणि यावेळी तैलरंगात. मामांनी खालच्या आवाजात सांगितलं की कुणीतरी टवाळाने खोडी काढली होती, पण अक्षर त्यांच्या लक्षात आहे, सापडला की सोडणार नाहीत. मी दोन दिवस त्यांच्यासमोर काहीही लिहिलं नाही.

मग गाडी तळाबाहेर, न्हाव्याच्या दुकानासमोर लावून पाहिली. परत आलो तेव्हा तिच्यावर तीन गिऱ्हाइकं ओळीने बसून आपापली पाळी येण्याची वाट पाहत होती. त्यातल्या एकाचे निम्मे केस कापून झाले होते आणि तो आतून हवा खायला बाहेर आला होता. त्यांना उठवेपर्यंत सव्वासात झाले, आणि सीटवरचे केस आठवडाभर माझ्या विजारीवर सापडत होते. वर दुसऱ्या सकाळी मामा रुसलेले दिसले. आमच्या तळावर काही कमी पडलं का साहेब, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी सनदशीर मार्ग उरला. टायरवर एकदा तैलरंग चढला की तोंडी वेळ बदलत नाही; ओळ बदलून मिळण्यासाठी स्थानकातल्या चौथ्या खिडकीवर अर्ज करावा लागतो. ही खिडकी अकरा ते चार उघडी असते, म्हणजे ज्यांची गाडी तळावर आहे असा एकही माणूस गावात नसतो तेव्हा. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली. खिडकीमागे कारकून होता, आणि कारकुनाला कारकून कधी सोडत नाही. अर्जात एक रकाना होता, ‘पूर्वी चुकीची वेळ देण्याचे कारण’. मी ‘अनवधान’ लिहिलं. त्याने चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. अनवधान पाच-दहा मिनिटांचं असतं, म्हणाला, तुमचा फरक एक तास पन्नास मिनिटांचा आहे, याला खरं कारण लिहावं लागेल. शिवाय मी पाच-पन्नासच्या गाडीने परततो असा कचेरीचा दाखला, तीन प्रतींत.

दाखल्यासाठी आमच्या अधीक्षकांकडे गेलो. इथे एक अडचण होती. आमची कचेरी नियमाने पावणेसहाला सुटते. पाच-पन्नासला गावात पोचायचं तर पाचला खुर्ची सोडावी लागते. ती सगळेच सोडतात, पण ही गोष्ट कागदावर कधी आलेली नव्हती. बाकीच्या कारकुनांनी मला जिन्यात गाठून समजावलं, मग दम दिला, मग माझ्याशी बोलणं टाकलं. अधीक्षकांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खूप विचार केला.

“असा दाखला मला देता येणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पाचला जाता की नाही हे मी कसं सांगणार? मी तेव्हा इथे नसतो.”

तिसरा आठवडा उजाडला. स्थानकावर आता माझी व्यवस्था लागली होती. पहिला अर्धा तास पुलाच्या सावलीतला बाक, मग पुस्तकांच्या गाड्यामागे थोडं उभं राहणं, मग उन्हाची तिरीप वळली की वजनकाट्याजवळ. ओळखीच्या कुणाला दिसू नये म्हणून वर्तमानपत्र जवळ ठेवायचं. एके दिवशी पाऊण तास मी तेच पान धरून बसलो होतो, आणि माझ्या लक्षात आलं की प्रतीक्षालयात समोर बसलेला माणूसही तेच करतोय. त्याचं वर्तमानपत्र तर आदल्या दिवसाचं होतं. त्याखालून एक बॅग दिसत होती. ती बॅग मी रोज आमच्या जिन्यात पाहत होतो.

वरच्या साहेबांनी कागद खाली केला. मी माझा खाली केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पावणेसात वाजले होते.

“आज जरा लवकर सुटलो,” साहेब म्हणाले.

मी म्हणालो, मीही.

दुसऱ्या दिवशीही आम्ही दोघे लवकरच सुटलेले होतो. तिसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी सांगितलं. पाणीपुरवठ्यात ते मीटरचे आकडे वहीत उतरवून घेतात. पाचला सुटतात. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मामांना सात-चाळीस सांगून बसले, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत त्यांनी स्थानकावरची सगळी जुनी मासिकं वाचून काढली होती. काकूंना यातलं काही कळू देऊ नका, अशी त्यांनी हात धरून विनवणी केली. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण मला या खड्ड्यात घालणारे तेच. पण अकरा वर्षं हा आकडा ऐकून मी मनात हिशेब केला, अकरा वर्षांनी आपण कितवं मासिक वाचत असू.

बावीस तारीख उजाडली. सकाळीच काकू बहिणीकडे निघून गेल्या. मी निघताना ही दारापर्यंत आली. त्या दिवशी रडण्याच्या प्रवेशाची तालीम होती. तिने ओरडून, रागावून काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “अहो, आज सव्वासहा. आजपर्यंत मी कुणाकडे काही मागितलं नाही, हे एक मला मनापासून हवंय.”

दिवसभर ते वाक्य माझ्या कानात होतं. पाच-पन्नासला गाडीतून उडी मारली ती सरळ फाटकाशी. बाकाकडे पाहिलंही नाही. मामांना म्हटलं, माझी गाडी आत्ता काढून द्या. पाच-पन्नासवाल्यांची सगळी गर्दी तिथेच आपापल्या गाड्या काढत होती.

मामा म्हणाले, साहेब, नियम तुम्हाला ठाऊक आहे. मधल्या ओळी हलवायच्या तर कारण तसंच हवं. घरात कुणाचं बरंवाईट, बाळंतपण किंवा आग. यातलं काय झालंय?

मी क्षणभर तिन्हींचा विचार केला. बाबांना आजारी पाडावं हे सगळ्यांत सोपं होतं. पण गर्दीत आमच्या इमारतीतले शिंपी उभे होते, आणि ते तासाभरात फळं घेऊन घरी आले असते. शिवाय एका खोट्याने मी तीन आठवडे बाकावर बसलो होतो, दुसऱ्याने किती वर्षं बसलो असतो कुणास ठाऊक.

“काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “मामा, मी साहेब नाही. कारकून आहे. रोज पाच-पन्नासनेच येतो, आणि तुमच्यासमोर लाज वाटते म्हणून सात-चाळीसपर्यंत तिकडे बाकावर बसतो. आज बायकोची तालीम आहे. मला घरी जाऊ द्या.”

किका मारायच्या थांबल्या. शिंपी तोंड उघडं ठेवून पाहत राहिले. मला वाटलं, मामा आता आयुष्यभर आपल्याला अंगठ्याने जागा दाखवणार.

मामा म्हणाले, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“सात-चाळीसच्या गाडीतून इथे रोज दोनच माणसं उतरतात. एक दवाखान्यातली परिचारिका, ती चालत जाते. दुसरा गाडीचा गार्ड. आणि भिंतीशी माझ्या नऊ गाड्या असतात.” त्यांनी खडू कानामागे खोचला. “वीस वर्षं बघतोय. दिवसातून एकदा कुणीतरी साहेब म्हणावं असं माणसाला वाटतं. माझं काय जातं? मी उठतो.”

मग त्यांनी शिटी तोंडात धरली आणि फलाटाकडे तोंड करून अशी लांब फुंकली की सुटणारी गाडीसुद्धा जरा थबकली. “सात-चाळीसवाले,” मामांनी हाक दिली, “गाड्या हलवायला या.”

आधी कुणीच आलं नाही. मग प्रतीक्षालयातून आमचे वरचे साहेब आले. वजनकाट्यामागून एक जाडे गृहस्थ आले. पुस्तकांच्या गाड्याआडून एक, पुलाखालून दोघे, पाण्याच्या टाकीमागून एक, आणि स्वच्छतागृहातून एक लांब कोटवाले, जे बहुधा पाच-पन्नासपासून आतच होते. आठवे पार्सलांच्या ढिगावर झोपले होते, त्यांना हलवून उठवावं लागलं. सगळे खाली मान घालून फाटकाशी उभे राहिले. प्रत्येकजण दुसऱ्याला हळूच सांगत होता की आज जरा लवकर सुटलो.

त्या आठ जणांनी आणि मी मिळून तीन ओळींच्या गाड्या हातांनी उचलून बाजूला केल्या. जाड्या गृहस्थांचा शर्ट खांद्यात फाटला, लांब कोटवाल्यांच्या पायावर चाक गेलं, पण कुणी तक्रार केली नाही. वरचे साहेब तर बॅग डोक्यावर धरून वाट दाखवत होते. एवढं करूनही माझी गाडी फाटकाबाहेर आली तेव्हा सव्वासहा तिथेच वाजले होते. मी इतक्या वेगात गाडी कधी चालवली नाही आणि पुन्हा चालवणार नाही.

घरी पोचलो तेव्हा सहा-पस्तीस. ही नेसून तयार, संवादांची वही मांडीवर घेऊन, बाबांशेजारी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तालमीचं नव्हतं. कचेरीत काम होतं का, तिने विचारलं. मी दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. खडूपासून शिटीपर्यंत, एकही गोष्ट न वगळता.

ती म्हणाली, “म्हणजे रोज दोन तास तुम्ही बाकावर बसून होतात?”

“हो.”

“काय करत होतात?”

“काही नाही.”

“इथे मी वाक्यं पाठ करत कणीक मळत होते, काकूंच्या पाया पडत होते, रोज धावत जात होते. आणि तुम्ही काही न करता बसला होतात.” तिने माझ्या हातातून किल्ली घेतली. गाडी तिला माझ्यापेक्षा चांगली येते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. “दोन तास नुसतं बसायचा सराव झालाच आहे तुम्हाला. आता बाबांजवळ बसा.”

मी बसलो. बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून दे म्हणाले. मी उतरवून दिलं. त्यांनी एकेक स्क्रू काढला, मी एकेक बशीत ठेवला. खाली गाडीचा आवाज दूर गेला आणि मी विचार करत राहिलो. आता दंतवैद्य काय म्हणतील, ती रोखपाल बाई हिच्या जागी उभी राहून हिचं रडणं रडत असेल का, आणि हे सगळं कशासाठी, तर एका माणसाने स्टुलावरून उठावं म्हणून. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि ती कुणापासून लपवायला जवळ वर्तमानपत्रही नव्हतं.

साडेआठला ही परत आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिने किल्ली खुंटीला लावली, घड्याळाच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि पाणी प्यायली.

“भूमिका?” मी विचारलं.

“राहिली.”

“दंतवैद्य रागावले नाहीत?”

“रागावले होते. रोखपाल बाई माझ्या जागेवर उभ्यासुद्धा राहिल्या होत्या. वीस मिनिटं उशीर का झाला, म्हणाले, सगळ्यांसमोर सांगा. मग सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“खरं ते.”

“सगळं? सगळ्यांसमोर?”

“वीस-बावीस माणसं होती. डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून खाली आले. म्हणाले, असं कारण जगात दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही, तुम्हाला काढून टाकलं तर माझंच नुकसान. रोखपाल बाईसुद्धा हसल्या, त्यांचा नवरा रोज आठला घरी येतो.” तिने पेला खाली ठेवला. “नुसतं सांगून त्यांना कळेना, म्हणून मग करूनही दाखवलं. फाटकाशी येता, मामांकडे बघता, घसा खाकरता आणि म्हणता, ते सगळं.”

म्हणजे झालं. ज्या मानासाठी मी तीन आठवडे बाक झिजवले, तो हिने दहा मिनिटांत वाचनालयाच्या मंचावर मांडून ठेवला होता. उद्या सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक दुकानात तो पोचणार होता, आणि दात काढायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी ऐकवला जाणार होता. मला भयंकर राग यायला हवा होता. पण ती खोलीच्या मधोमध उभी होती, केस विसकटलेले, डोळे चमकत असलेले, आणि लग्नानंतर इतक्या आनंदात मी तिला पाहिलेली नव्हती.

मी म्हणालो, “बघू कसं केलंस.”

तिने बाबांना समोर स्टुलावर बसवलं, छाती पुढे काढली, घसा खाकरला आणि माझ्याच आवाजात म्हणाली, “सात-चाळीस.” बाबा घड्याळ बाजूला ठेवून उठून उभे राहिले.